नाताळचे ताट आणि जातीचा दाखला

धुळे-सोलापूर महामार्गाने बीड सोडले आणि मांजरसुंब्याचा घाट मागे पडला की बालाघाटच्या पठारावर चौसाळा लागते. डिसेंबरच्या अखेरीस येथील शिवारात शाळू हुरड्याला येऊ लागतो, हरभऱ्याला घाटे धरतात आणि परिसरातील अनेक घरांना कुलपे असतात. घरातील धडधाकट माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेली असतात. दिवाळी होऊन महिना-दोन महिने उलटलेले असतात. तरीही याच आठवड्यात मराठवाड्यातील काही घरांतून पुन्हा एकदा तळणीचा वास येतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, रव्याचे लाडू. ही घरे ख्रिस्ती असतात आणि सण नाताळचा असतो.

वृत्तपत्रांच्या नाताळ पुरवण्या दरवर्षी वांद्रे, वसई आणि गोवा या त्रिकोणात फिरतात. आमच्याही त्याला अपवाद नाहीत. केक, वाइन, ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला, सोरपोतेल, फुगे, गोव्याची बेबिंक आणि दोदोल असा तो ठरलेला बेत असतो. मराठवाड्यातील करंजी त्यात बसत नाही, कारण ती पाहून ख्रिस्ती सण कोणाला आठवतच नाही. वरवर पाहता ही पाककृतीच्या सदरातील एक उणीव आहे. परंतु कोणाचा धर्म कोणता हे त्याच्या चुलीवरून ओळखण्याची सवय जशी समाजाला आहे तशी शासनसंस्थेलाही आहे, आणि त्या सवयीची किंमत येथील कॅथलिक कुटुंबे जातीच्या दाखल्यापासून मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत मोजत आली आहेत. २०२७च्या जनगणनेत धर्म आणि जात या दोन्हींची नोंद होणार असताना हा विषय केवळ सणासुदीचा राहत नाही.

प्रथम इतिहास, थोडक्यात. कोकण किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर आला. वसई १५३४ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत दोन शतके त्यांच्याकडे राहिली. मराठवाड्यात मात्र पोर्तुगीज कधी पोहोचले नाहीत. निजामाच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फ्रेंच मिशनऱ्यांनी घोगरगाव येथे ठाणे केले. फादर गुरियन जाकिये यांचे नाव त्या भागात आजही आदराने घेतले जाते. शेजारच्या नगर जिल्ह्यात जर्मन भाषक जेझुइट फादर आले. पुढे १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढून औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला आणि बीड जिल्हा त्यात गेला. गंमत अशी की, फ्रेंच आणि जर्मन धर्मगुरूंच्या हाताखाली वाढलेला हा समाज सणाला म्हणतो मात्र 'नाताळ', म्हणजे पोर्तुगीज शब्द. किनाऱ्यावरून शब्द वर आला. पदार्थ आले नाहीत.

ते येणारही नव्हते. किनाऱ्यावरचे कॅथलिक सण भाताच्या कालगणनेने चालतात. गोव्यात ऑगस्टमध्ये नव्या कणसांचे फेस्त होते. १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, हळदीच्या पानात तांदळाचे पीठ, गूळ आणि खोबरे घालून पातोळ्या उकडतात, कारण हळदीचे पान पावसाळ्यातच भरलेले असते. त्याच पातोळ्या शेजारच्या हिंदू घरात नागपंचमीला होतात. मंगळुरूकडे ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मोत्सवाला, नव्या तांदळाचा घास आणि केळीच्या पानावर शाकाहारी जेवण असते. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरमध्ये आगेरा होतो आणि भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेल्या जातात. संत कोणताही असो, ताट शेताने ठरवले आहे.

मराठवाड्याचे शेत ज्वारीचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येथे मूग-उडदाखेरीज घरात नवे काही येत नाही, रब्बीची पेरणी अजून व्हायची असते. म्हणून येथील कॅथलिक वर्षात खऱ्या अर्थाने खाण्यापिण्याचा सण एकच, आणि तो शाळवाच्या हंगामात येतो. चौसाळ्यापासून पुढे धाराशिव आणि लातूरकडे वेळ अमावस्येचा मोठा सण असतो. शेतात कोप करून अंबील, भज्जी आणि उंडे यांचे जेवण होते. २०२४ मध्ये वेळ अमावस्या ३० डिसेंबरला, म्हणजे नाताळनंतर पाच दिवसांनी आली. २०२५ मध्ये ती १९ डिसेंबरला, नाताळच्या आधी येऊन गेली. एकाच गावात एका आठवड्यात अंबिलीची मडकी आणि नाताळच्या करंज्या तयार होत असतील, तर त्या दोन चुलींमध्ये भिंत कोठे घालायची, हे ठरवणे गावकऱ्यांपेक्षा बाहेरच्यांनाच अधिक सोपे वाटते.

फराळ हा नाताळच्या ताटाचा वरचा थर झाला. खालचा थर मांसाचा. सकाळची मिस्सा आटोपली की दुपारी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि भाकरी. जेथे पाहुणे जास्त तेथे रस्सा पातळ आणि वर तर्री. किनाऱ्यावरच्या घरात व्हिनेगर आणि नारळ जे काम करतात ते येथे भाजलेले खोबरे, तीळ आणि शेंगदाण्याचे कूट करतात. हे जेवण ज्या समाजातून आले त्याचे मराठीतील सविस्तर दस्तऐवजीकरण करणारे पुस्तक याच टापूतील लेखकाचे आहे. धाराशिव जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होते, काय वाळवून ठेवले जात होते आणि ते इतरांपासून का झाकले जात होते, हे त्यात आहे. मराठवाड्यातील कॅथलिक कुटुंबांपैकी बहुतेकांचे पूर्वज याच दोन समाजांतले. बाप्तिस्म्याने नाव बदलले, क्वचित आडनावही बदलले. चुलीवरचे कालवण लगेच बदलत नसते.

त्या कालवणावर २०१५ मध्येच दुसरा परिणाम झाला. महाराष्ट्र पशुसंरक्षण (सुधारणा) अधिनियमाला त्या वर्षी फेब्रुवारीत राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली; परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्यावरील निर्बंध तेवढे रद्द केले. या निर्णयाच्या धार्मिक आणि राजकीय बाजूंवर भरपूर लिहिले गेले. ज्या घरांत वर्षातून मोजक्याच दिवशी मांस शिजते त्या घरांच्या हिशेबावर मात्र फारसे लिहिले गेले नाही. बोकडाचे मटण किलोला सातशे-आठशे रुपयांच्या घरात गेलेले असताना वीस माणसांच्या पंगतीसाठी उरते ती ब्रॉयलर कोंबडी. सण तसाच राहिला. त्याची चव आणि त्याची प्रतिष्ठा दोन्ही एक पायरी खाली उतरली.

येथे एक व्यक्तिगत आठवण सांगणे अप्रस्तुत होणार नाही. प्रस्तुत प्रतिनिधीचे बालपण ज्या गल्लीत गेले तेथे एक ख्रिस्ती परिचारिका राहत असत. २५ डिसेंबरला सकाळी त्यांचे विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट आमच्या घरी येई. ताट रिकामे परत करू नये ही रीत आमच्या आजीने काटेकोरपणे पाळली. त्यात मूठभर साखर किंवा तिळाच्या वड्या घालूनच ते परत जाई. त्या ताटातील करंज्या मात्र आम्हा मुलांच्या हाती कधी लागल्या नाहीत. त्या गोठ्यात जात. परिचारिकाबाईंना हे ठाऊक होते की नाही, हे आज सांगता येत नाही. त्यांनी ताट पाठवणे थांबवले नाही, एवढे खरे. धर्म बदलला तरी ताटाबरोबर जात उंबऱ्यापर्यंत येते, हे त्या गोठ्यातील गायीलाही कळले असते.

नेमकी हीच गोष्ट कायद्याला कळत नाही, असे म्हणावे लागेल. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीच्या व्याख्येबाहेर ठेवले. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा आणि १९९० मध्ये बौद्ध धर्माचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात स्थान आहे. परंतु अनुसूचित जातींसाठीचे आरक्षण, त्यांच्या शिष्यवृत्त्या आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण यांपैकी काहीही नाही. सुसाई या मद्रासच्या चर्मकाराचे प्रकरण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणाऱ्या अनुसूचित जातीच्या कारागिरांना सरकार विनामूल्य टपऱ्या देत होते. सुसाई तेच काम तेथेच करीत होता, पण तो ख्रिस्ती होता. त्याला टपरी मिळाली नाही. धर्मांतरानंतरही तेच सामाजिक अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे सिद्ध करा, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी प्रकरणात पुदुच्चेरीतील एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणे या गोष्टी विचारात घेतल्या आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असे मत नोंदवले. न्यायालयाच्या तर्कात, कायदा आज जसा आहे तसा धरला तर, खोट काढणे कठीण आहे. खोट कायद्यातच आहे. दलितांपैकी बौद्ध झालेल्याची जात टिकते असे १९९० पासून संसद मानते. ख्रिस्ती झालेल्याची ती नाहीशी होते असेही मानते. गावाने मात्र ही दोन वेगवेगळी गणिते कधी केली नाहीत. विहिरीवर, लग्नात आणि स्मशानात तो जो होता तोच राहिला.

२००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने तिसरा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. ती कागदावर राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. दोन वर्षांची त्याची मुदत नंतर वाढवण्यात आली. धर्मांतराने जातीची झळ कमी होते का आणि चालीरीती बदलतात का, हे तपासणे त्याच्या कामाचा भाग आहे. चालीरीती म्हणजे काय? त्यात स्वयंपाक येतोच. महाराष्ट्रात जात पडताळणीची दक्षता पथके घरी येऊन चौकशी करतात; अनुसूचित जमातींच्या बाबतीत सण, देव आणि रूढी विचारून आप्तभाव तपासण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. ही चाचणी एकमेव निकष मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले, तोवर कितीतरी दाखले तिच्यावर अडलेले होते.

चुलीवरून धर्म ठरवण्याचा याहून जुना दाखला गोव्यात सापडतो. १७३६ मध्ये तेथील इन्क्विझिशनने नवख्रिस्त्यांसाठी निषिद्ध गोष्टींची जी लांबलचक यादी काढली तीत तुळस होती, लग्नातील गाणी होती आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणेही होते. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात त्या फर्मानाची नोंद घेतली आहे. तेव्हाच्या सत्तेला भात पुरेसा ख्रिस्ती नाही याची चिंता होती. आजच्या व्यवस्थेला माणूस पुरेसा हिंदू नाही याची आहे. दोन्ही वेळा भांड्यावरचे झाकण उचलले गेले ते गरिबाचेच.

मग घरे काय करतात? मराठवाड्यात, आणि नगरमध्येही, एक तोडगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' किंवा 'हिंदू मांग', चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचे नाव. याला फसवणूक म्हणणारे आहेत आणि कायद्याच्या भाषेत त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. परंतु याच लोकांच्या आजोबांवर १८९९-१९०० च्या दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलल्याचा आरोप होता. भाकरीसाठी बदलला असता, तर भाकरी आरक्षणाच्या बाजूला असताना तो सोडूनही दिला असता. तसे झालेले नाही. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या सणाला धरून हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाणारी गर्दी पाहिली की याची खात्री पटते. श्रीरामपूर तालुक्यातील हे गाव ब्रिटिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या बेलापूर साखर कारखान्याचे. कारखाना केव्हाच बंद पडला, यात्रा वाढत गेली. मराठवाड्यातून टेम्पो भरून माणसे येतात. शिदोरी पंढरीच्या वाटेवरची असते तीच, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

कागदावर हिंदू आणि घरात ख्रिस्ती असलेल्या कुटुंबाच्या नजरेने पाहिले, तर नाताळच्या फराळाचा आणखी एक अर्थ लागतो. दारावर चांदणी टांगायची की नाही, याचा अशा घराला विचार करावा लागतो. केक शेजाऱ्याला दिला तर सण जाहीर होतो. करंजी कोणाचेच नाव सांगत नाही. ती दिवाळीचीही असते, नाताळचीही असते आणि दाखल्याच्या चौकशीला आलेल्या माणसाच्या हातावरही ठेवता येते. हा फराळ मुद्दाम निवडला गेला, असे कोणी म्हणणार नाही. सोऱ्या, झारा आणि कातण घरात होतेच, आणि शेजारणीच्या मदतीशिवाय चकलीची भाजणी जमत नसे. तो टिकला मात्र या सोयीमुळेही असावा, असा आमचा तर्क आहे.

शासनाला या फराळाची कल्पना नव्हती असे म्हणावे, तर तेही खरे नाही. दिवाळी २०२२ मध्ये राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' सुरू केला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. पुढे गुढीपाडवा ते डॉ. आंबेडकर जयंती, गौरी-गणपती, पुन्हा दिवाळी, जानेवारी २०२४ मधील अयोध्येचा सोहळा आणि शिवजयंती अशा निमित्तांनी तो दिला गेला. नाताळचे निमित्त त्यात कधी आले नाही, ईदचेही नाही. २०२५ मध्ये तर गणपती आणि दिवाळी दोन्हींना शिधा मिळाला नाही. रवा, साखर आणि तेल, म्हणजे नेमका नाताळच्या करंजीचाच ऐवज. बीडसारख्या जिल्ह्यातील कॅथलिक शिधापत्रिकाधारकाने तो दिवाळीत घेतला असेल आणि डिसेंबरपर्यंत जपून ठेवला असेल, तर त्याला अंत्योदय म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय पुरवठा खात्याने करावा.

आणि हा समाज दिसतच नाही, असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे चौसाळ्यावरून पुढे जाणाऱ्या याच रस्त्यावर, भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या पदावर आलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला धर्मावरून विरोध झाला, तरी संमेलन पार पडले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले. ते योग्यच होते. पण वसईच्या वाडीतील बागायतदाराचा ख्रिस्ती धर्म आणि बालाघाटावरील भूमिहीनाचा ख्रिस्ती धर्म यांत जे अंतर आहे ते त्या लेखांतही आले नाही. २०११च्या जनगणनेत राज्यात १० लाख ८० हजार ७३ ख्रिस्ती होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. त्यांतील बहुसंख्य मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यातील. मराठवाड्याचा आकडा लहान दिसतो, आणि तो खऱ्याहून किती लहान आहे हे वरच्या तोडग्यावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. लोकसंख्येची प्रत्यक्ष नोंद त्याआधी फेब्रुवारीत अपेक्षित आहे. धर्माचा रकाना नेहमीचाच. जातीचा स्वातंत्र्योत्तर काळात प्रथमच सर्वांसाठी. राखेचा बुधवार त्या वर्षी १० फेब्रुवारीला येतो. म्हणजे प्रगणक दाराशी येईल तेव्हा उपवासकाळ चालू असण्याचीच शक्यता अधिक. करंज्यांचा डबा रिकामा झालेला असेल आणि चुलीवर भाकरी-कोरड्यास असेल. ऊसतोडीला गेलेली मंडळी तोवर परतलेली नसतील. ज्यांच्या दाखल्यावर एक आणि चर्चच्या वहीत दुसरे लिहिलेले आहे, त्यांच्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना द्यावे लागेल.